विहीणबाईंची मालिका

नवराबायकोचा घटस्फोट होतो त्याला कायदा आहे, कोर्ट आहे, वकील आहेत. पण त्या दोघांच्या आयांनी पुढं एकमेकींचं काय करायचं, याबद्दल कायद्यात एक ओळ नाही. कराडच्या वैजयंती साळुंखे आणि अमरावतीच्या कुंदाताई इंगोले यांनी ही सोय आपली आपणच लावून घेतली होती. वैजयंतीचा हर्षद आता मेलबर्नला होता, कुंदाताईंची मृण्मयी बंगळूरला. दोघांनी काडीमोड घेतला त्यालाही बरीच वर्षं झाली होती. तरी या दोघी अजून एकमेकींना 'विहीणबाई'च म्हणत होत्या. दुसरा शब्द शोधायला हवा होता खरा, पण तो कुणी शोधायला गेलं नाही.

रोज संध्याकाळी साडेसातला 'सावरगावकर मंडळी' ही मालिका लागायची आणि आठला संपायची. ती संपली रे संपली की वैजयंतीचा फोन वाजायचा. फोन नेहमी कुंदाताईच करायच्या. मुलीकडच्यांनी करायचा आणि मुलाकडच्यांनी घ्यायचा, असा रिवाज लग्न ठरलं तेव्हा पडला होता. पुढं लग्न मोडलं, पण रिवाज तसाच राहिला. वैजयंतीला त्यात काही मोठेपणा वाटत होता अशातला भाग नाही. सवय म्हणतात ती हीच.

फोनवर मुलांचा विषय काढायचा नाही, हे दोघींनी न बोलता ठरवलेलं होतं. बोलायचं ते फक्त मालिकेबद्दल. मालिकेत रेवती नावाची सून होती आणि माईसाहेब नावाची सासू. रेवतीनं नोकरी सोडावी की नाही, यावर कुंदाताई अर्धा अर्धा तास तावातावानं बोलायच्या, आणि त्या कुणाच्या नोकरीबद्दल बोलताहेत ते वैजयंतीला नेमकं कळायचं. माईसाहेब एकट्या पडल्यात हो, असं वैजयंती म्हणाली की कुंदाताईंचा आवाज मऊ व्हायचा. लेकी बोले सुने लागे ही युक्ती सासवांची. इथं दोन विहिणी पडद्यावरच्या सासूसुनांना बोलत होत्या आणि ते जिथं लागायचं तिथं लागत होतं. दोघींचं त्यावर बरं चाललं होतं.

वैजयंती सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. निवृत्त झाली, पुढं नवरा गेला, आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती एकटी उरली. दिवसभर तिच्याशी बोलणारी माणसं म्हणजे दूधवाला, भाजीवाली आणि 'सिस्टर, जरा बीपी बघता का' म्हणत दारात येणारे शेजारी. हर्षद रविवारी व्हिडिओ कॉल करायचा आणि पाच मिनिटांत 'अजून काय?' विचारायचा. 'अजून काय' म्हणजे आता पुरे, एवढं तिला समजत होतं. त्यामुळं दिवसभरातलं जे काही सांगण्यासारखं असेल ते ती आठ वाजेपर्यंत साठवून ठेवायची.

अलीकडं तिच्या मनात एक विचार घर करून बसला होता. विहीणबाईंना सरळ इकडंच राहायला बोलवावं. त्याही एकट्या, आपणही एकट्या. पोरांचं जमलं नाही म्हणून आयांनी का म्हणून लांब राहावं? पण विचारायचं कसं? लोक काय म्हणतील ते म्हणोत, पण कुंदाताईच अवघडल्या आणि आठचा फोनही बंद झाला तर? या भीतीनं ती गप्प होती. असलेलं हातचं घालवण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, अशी तिनं मनाची समजूत घातली होती.

*

त्याच सुमारास जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण बंद झालं आणि घरोघर नवे संच आले.

जुन्या टीव्हीचं काम साधं होतं. स्टुडिओत एक भाग चित्रित व्हायचा आणि तोच्या तोच लाखो घरांत पोचायचा. कराडला रेवती रडली की अमरावतीलाही ती त्याच क्षणी रडायची. नव्या पद्धतीत चित्र कुणी पाठवतच नव्हतं. पाठवायचं ते फक्त बियाणं. पात्रांचे चेहरे, त्यांचे आवाज, घराचा आराखडा आणि त्या दिवशी साधारण काय घडावं याचा अंदाज, एवढंच घरात यायचं. कोण कुठं उभं राहील, कोण काय बोलेल, कुणाच्या डोळ्यांत पाणी येईल, हे सगळं घरातला संच तिथल्या तिथं रचायचा. सेकंदाला पन्नास चित्रं, आणि त्यातलं एकही आधी कुणी काढलेलं नाही.

आता हे रचायचं कशाच्या आधारावर, तर समोर बसलेल्या माणसाकडं बघून. संचाच्या चौकटीत एक बारीकसं भिंग होतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला चेहऱ्याच्या कातडीखाली रक्त येतं आणि जातं, आणि तेवढ्यापुरता चेहऱ्याचा रंग किंचित बदलतो. आपल्या डोळ्यांना तो बदल दिसत नाही, त्या भिंगाला दिसतो. कुठल्या वाक्याला ठोके वाढले, कुठल्या चेहऱ्यावर नजर रेंगाळली, डोळ्याची बाहुली कधी मोठी झाली, हे सगळं टिपून संच दुसऱ्या दिवशीची गोष्ट त्या बाजूला वळवायचा. खोलीतलं बोलणंही तो ऐकायचा, कारण माणसाला काय हवंय ते त्याच्या बोलण्यातून अधिक लवकर कळतं.

संच बसवायला आलेल्या माणसानं हे सगळं वैजयंतीला समजावून सांगितलं. म्हणजे हात न धरता नाडी बघतो की, ती म्हणाली. तो हसला. महिन्याभरात तुम्हाला काय हवंय ते तुमच्याआधी याला कळेल, असंही त्यानं सांगितलं. वैजयंतीनं त्याला चहा दिला. बरंच झालं, कुणाला तरी कळेल, असं तिच्या मनात येऊन गेलं.

*

पहिले काही दिवस काही वेगळं जाणवलं नाही. मग एका संध्याकाळी कुंदाताईंचा फोन आला तो मोठ्या खुशीत.

"आज चांगलं सुनावलं हो रेवतीनं. मला तर टाळ्या वाजवाव्या वाटल्या."

"सुनावलं? कुणाला?"

"माईसाहेबांना. भरल्या ताटावरून उठली ना ती."

वैजयंतीच्या घरी रेवती ताटावरून उठली नव्हती. उलट माईसाहेबांनी तिला शेजारी बसवून स्वतःच्या हातानं घास भरवला होता, आणि ते बघून वैजयंतीनं पदरानं डोळे पुसले होते. विहीणबाईंचा डोळा लागला असणार, असं तिला वाटलं. कुंदाताईंना तेच तिच्याबद्दल वाटलं. वय झालं बिचारीचं, असं मनात म्हणत दोघींनी एकमेकींना सांभाळून घेतलं आणि फोन ठेवला.

पुढच्या काही दिवसांत काय चाललंय ते दोघींच्या ध्यानात आलं. अमरावतीची रेवती सासर सोडून गेली आणि तिनं स्वतःची शाळा काढली. कराडची रेवती माईसाहेबांजवळच राहिली आणि परक्यासारखं वागणाऱ्या नवऱ्याला तिनं दाराबाहेर उभं केलं. सुरुवातीला दोघी यावर पोट धरून हसल्या. तुमची रेवती फार बोलते, तुमची फार सोसते, अशी चेष्टाही झाली.

पण चेष्टा किती दिवस पुरणार? वैजयंतीनं एक उपाय करून पाहिला. कुंदाताई बघतील तसं बघायचं असं तिनं ठरवलं. रेवती उलट बोलली की खूश व्हायचं, माईसाहेब रडल्या की तोंड फिरवायचं. आठवडाभर तिनं हे नाटक केलं, पण नाडीला खोटं बोलता येत नाही, आणि सिस्टर असून हे तिच्या आधी लक्षात आलं नाही. तिची रेवती जागची हलली नाही.

मग दोघी आपापली मालिका एकमेकींना सांगू लागल्या. पण ते दुसऱ्याला पडलेलं स्वप्न ऐकण्यासारखं होतं. ऐकणारी नुसतं 'हं, मग?' करायची आणि सांगणारीला मध्येच कंटाळा यायचा. वाद घालायला काही उरलं नाही, आणि वादाच्या आडून जे बोललं जायचं तेही गेलं. फोन आखडत गेला. कधी एखादा दिवस चुकू लागला. दसऱ्याचा फोन आला, शुभेच्छा देऊन झाल्या, आणि त्यानंतर आठ वाजता वैजयंतीचा फोन वाजायचा थांबला.

*

वैजयंती वाट बघत बसायची. आठ वाजता फोन हाताशी ठेवायची, सव्वाआठला रेंज आहे का बघायची, साडेआठला भात लावायची. आपण करावा का, असं रोज मनात यायचं. पण इतक्या वर्षांत तिनं हा फोन कधी केलेलाच नव्हता आणि करून बोलायचं काय, हेही तिला सुचत नव्हतं. पूर्वी मालिका तरी होती.

शेवटी दिवाळी होऊन गेल्यावर एक दिवस तिनं लाज गुंडाळून ठेवली आणि आठ वाजता स्वतः फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिनं सकाळीच लावला, तेव्हा कुंदाताईंनी लगेच उचलला. आवाज ठणठणीत होता.

"अहो विहीणबाई, तुमचा फोनच नाही," वैजयंती म्हणाली.

"असं कसं म्हणून राहिल्या तुम्ही? कालच तर इतकं बोललो आपण."

"काल?"

कुंदाताई घाईनं म्हणाल्या की गॅसवर दूध आहे, ठेवते. आणि त्यांनी फोन ठेवला.

वैजयंती फोन हातात धरून तिथंच बसली. न झालेलं बोलणं झालं म्हणून सांगणारी माणसं तिनं वॉर्डात पुष्कळ पाहिली होती. आधी असंच एखादं वाक्य चुकतं, मग नावं चुकतात, मग घराचा रस्ता. तिनं हर्षदला फोन करून सांगितलं. त्यांची मुलगी आहे की त्यांना बघायला, आपला आता काय संबंध, असं तो म्हणाला. तो काही चुकीचं बोलत नव्हता, पण त्याचा तिला राग आला. मृण्मयीचा नंबर तिच्याकडं होता. तो लावायचं मात्र तिला धाडस झालं नाही.

खरं सांगायचं तर या भीतीच्या खाली तिला थोडं बळही आलं होतं. विहीणबाई आजारी असतील तर त्यांना एकटं कसं ठेवायचं? आपण सिस्टर आहोत. आता 'माझ्याकडं राहायला या' म्हणायला कारण मिळालं, आणि त्या कारणाला कुणी नावं ठेवू शकणार नाही. तिनं पलंगाशेजारच्या कपाटाचा एक खण रिकामा केला, गुडघ्याला पट्टा बांधला आणि अमरावतीची गाडी पकडली.

*

कुंदाताईंनी दार उघडलं आणि त्या तिच्याकडं जरुरीपेक्षा जास्त वेळ बघत राहिल्या.

"तुम्ही किती वाळल्या हो. आणि केस एवढे पांढरे?"

केस मागच्या भेटीतही पांढरेच होते. कुंदाताईंनी कोपऱ्यावरून दही-चटणी घातलेले गिले वडे आणवले, आग्रह करकरून वाढले. वैजयंतीनं खाता खाता सहज विचारल्यासारखं करून आज वार कुठला, वीजबिल कधी भरलं, शेजारच्या मुलीचं नाव काय, असं विचारून घेतलं. कुंदाताईंनी सगळं बरोबर सांगितलं आणि मग हात पुसत म्हणाल्या, "माझी परीक्षा घेऊन राहिल्या काय? मी शाळेत मास्तरीण होती, विसरू नका." एका कानानं कमी ऐकू येत होतं, तेवढं सोडलं तर बाई खणखणीत होती. वैजयंती सुखावली आणि आपलं कारण गेलं म्हणून जराशी खट्टूही झाली.

सात वाजले तशा कुंदाताई अस्वस्थ दिसू लागल्या. तुम्ही दमल्या असाल, आत जाऊन पडा, असं दोनतीनदा म्हणाल्या. वैजयंती म्हणाली, छे हो, आज इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघी एका टीव्हीसमोर बसतोय, आज तरी दोघींची रेवती एकच असेल. साडेसातला संच आपोआप लागला.

पडद्यावर सावरगावकरांचं घर नव्हतं. एक गॅलरी होती, खाली नदी दिसत होती. गॅलरीत दोन बायका चटईवर बसून मटार सोलत होत्या. एक कुंदाताई होत्या. दुसरी वैजयंती होती.

ती वैजयंती अंगानं भरलेली होती, तिचे केस निम्मे काळे होते आणि ती खुशाल मांडी घालून बसली होती. आवाज मात्र हुबेहूब. कुंदाताईंना कमी ऐकू यायचं म्हणून त्या रोजचा फोन टीव्हीच्या स्पीकरला जोडून बोलायच्या, त्यामुळं तो आवाज संचानं महिनोन्‌महिने ऐकला होता. चेहरा त्याला कुंदाताई संचावर लावायच्या त्या मुलांच्या लग्नाच्या व्हिडिओत मिळाला होता. आणि कुंदाताईंचे ठोके मोजता मोजता त्याला हेही कळून चुकलं होतं की या बाईला साडेसातच्या मालिकेपेक्षा आठनंतरचं बोलणं जास्त हवं असतं. मग त्यानं सावरगावकरांना हळूहळू बाजूला सारलं, आठला संपायचा नियमही सोडला आणि जे हवं होतं ते आणून समोर ठेवलं. त्याच्या लेखी यात वावगं काहीच नव्हतं.

समोर दुसरा चेहरा बघून चित्र क्षणभर अडखळलं, पण लगेच सावरलं.

"मृण्मयीचा फोन आला का आज?" पडद्यावरची वैजयंती विचारत होती. "जेवते का नीट? फार आठवण येते हो तिची मला."

खोलीतल्या वैजयंतीनं हे कधीच विचारलं नव्हतं. तिचे कान तापले. कुंदाताईंनी आवाज कमी केला, पण संच बंद केला नाही.

"मला समजत नाही असं नका समजू," त्या म्हणाल्या. "पागल नाही मी. टीव्ही आहे तो."

"मग?"

"मग काही नाही. संध्याकाळ चांगली जाते. त्या दिवशी सकाळी तुमच्याशी बोलताना तोंडून निघून गेलं, मग माझी मलाच लाज वाटली."

वैजयंतीला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. एवढे दिवस आत दाबून ठेवलेलं वाक्य तिनं एका दमात बोलून टाकलं.

"विहीणबाई, माझ्याकडं राहायला या. कायमच्या."

कुंदाताई तिच्याकडं बघत राहिल्या. मग पडद्याकडं बघून कसंनुसं हसल्या.

"हे तर तुम्ही रोजच म्हणता. मी हो म्हणून बसली ना केव्हाची. दिवाळीपासून तिकडंच राहते मी."

वैजयंतीला भडभडून आलं. एक वाक्य होतं तिच्याजवळ, इतके दिवस जपलेलं. ते दुसऱ्या कुणी तरी रोज उठून बोलून टाकलं होतं, आणि तिच्याच आवाजात. आता ते तिनं कितीही मनापासून म्हटलं तरी ऐकणारीला ते ऐकून माहीत होतं. तिला त्या मटार सोलणाऱ्या बाईचा असा राग आला की तो कुठं ठेवावा ते समजेना.

"माझ्या घरातून नदी दिसत नाही," ती म्हणाली. "मागं स्कूटरची शेड आहे. मला खाली बसता येत नाही. मी घोरते. कुणी डब्याचं झाकण उलटसुलट लावलं की माझं डोकं फिरतं. आणि मृण्मयीचं मी विचारत नव्हते, कारण विचारलं तर तुम्ही फोन ठेवाल अशी मला भीती वाटायची. विचारायचं रोज असायचं."

पडद्यावरच्या दोघी कशावर तरी हसत होत्या. कुंदाताईंनी आता संच बंद केला. बराच वेळ त्या काचेकडंच बघत बसल्या.

"नाही जमणार हो," त्या शेवटी म्हणाल्या. "त्या तुम्हाला मी कधी जड होत नाही. एकच गोष्ट तीनदा विचारली तरी हसून सांगता. तुम्हाला मी चार महिन्यांत नकोशी होईन. मग हे पण जाईल अन् ते पण जाईल."

नाही होणार, असं वैजयंतीला म्हणायचं होतं. पण नेमकं तेच ती दुसरी बाई लगेच म्हणाली असती, म्हणून ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी कुंदाताईंनी तिला मुगवड्या बांधून दिल्या आणि स्टेशनपर्यंत सोडायला आल्या. गाडी सुटेपर्यंत दोघी उन्हाबद्दल बोलत होत्या.

*

घरी आल्यावर काही दिवस वैजयंती संच लागला रे लागला की बंद करायची. ती एकटीच घरात मोठमोठ्यानं बोलू लागली होती, कुंदाताईंना उत्तरं देत. नकोशा होणार म्हणे. तुम्ही कोण ठरवणार? नदी नाही, मागं शेडच आहे, मग? एका दुपारी तिला विहीणबाईंचा चेहरा बघावासा वाटला म्हणून तिनं लग्नाचा व्हिडिओ लावला. विहिणींच्या पंगतीत कुंदाताई तिला आग्रहानं जिलबी वाढत होत्या. तेवढा भाग तिनं पुन्हा पुन्हा पाहिला.

इकडच्या संचानंही आपल्या कामात कसूर ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी साडेसातला ती दमून खुर्चीत बसली होती, तेव्हा पडद्यावर एक रिक्षा येऊन थांबली. बिल्डिंग तिचीच होती, मागची स्कूटरची शेडसुद्धा तीच. रिक्षातून कुंदाताई उतरल्या, हातात मोठी बॅग घेऊन. दम खात जिना चढल्या आणि दारात उभ्या राहून थेट तिच्याकडं बघत म्हणाल्या, "आली बाप्पा एकदाची. नदी नसली तर नसली."

वैजयंती उठून उभी राहिली. बॅग घ्यायला तिचा हात पुढंसुद्धा झाला. छातीत एवढं धडधडत होतं की ते मोजायला कुठल्या भिंगाची गरज नव्हती. पडद्यावरच्या कुंदाताई आत आल्या, चपला काढल्या, घर बघून छान आहे म्हणाल्या. हे खोटं आहे हे ठाऊक असूनही वैजयंतीनं ते बराच वेळ पाहिलं, हे कबूल केलं पाहिजे. विहीणबाईंना असं बोलताना तिनं कधी ऐकलं नव्हतं आणि तिला ते ऐकायचं होतं.

मग तिनं जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. ही बाई हो म्हणत होती, कारण वैजयंतीला हो हवं होतं. अमरावतीची बाई नाही म्हणाली होती. पण ती वैजयंतीकडं बघून, तिच्या गुडघ्याचा पट्टा आणि पांढरे केस बघून, विचार करून नाही म्हणाली होती. त्या नकारात निदान दोन माणसं होती. वैजयंती तशीच अंधार झालेल्या खोलीत बसली आणि पोटभर रडली.

आठ वाजता तिनं फोन लावला. कुणी उचलला नाही. उचलणार नाहीत हे तिला माहीत होतं, त्या वेळी तिकडं मटार सोलणं चालू असणार. तिनं रिंग शेवटपर्यंत वाजू दिली, मग उठून भात लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. त्यानंतर रोज. गॅलरीतल्या त्या गोड बाईच्या बोलण्यात आपली रिंग वाजते, एवढं तिला पुरत होतं. त्या बाईला निदान रोज एकदा थांबावं लागत असेल.

थंडी सुरू झाली. शेजाऱ्यांचे बीपी बघून झाले, रविवारचे 'अजून काय' झाले. एका संध्याकाळी आठ वाजता रिंग नेहमीसारखी वाजत राहिली आणि मध्येच थांबली. फोन उचलला गेला होता.

पलीकडून कुणी हॅलो म्हटलं नाही. लांबवर एक बाई बोलत होती, मायेनं, कुठंही न अडखळता. थंडी वाढली, शाल घेतली का, मृण्मयीला डिंकाचे लाडू पाठवू या आपण. वैजयंतीनं स्वतःचा आवाज लगेच ओळखला. ती श्वास रोखून ऐकत राहिली. त्या बाईला सगळं कसं सुचत होतं. मग वाक्य निम्मं असतानाच तो आवाज बंद झाला.

"बोला," कुंदाताई म्हणाल्या. "जरा मोठ्यानं बोला. टीव्ही बंद केला मी."

वैजयंतीनं इतक्या दिवसांत काय काय ठरवून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर तिला आठवेना. ती ओट्याशी उभी होती आणि समोर सकाळपासून तसंच राहिलेलं पातेलं होतं.

"आज दूध नासलं माझं," ती मोठ्यानं म्हणाली.

"टाकून तर नाही ना दिलं?" कुंदाताईंनी विचारलं.